सगळी फाउंड्री लेट

पगाराच्या आदल्या दिवशी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीतून फोन आला. "सर, तेवढं येऊन जावा की. सगळ्यांनाच लेट दाखवायलंय."

सगळ्यांना म्हणजे खरंच सगळ्यांना. पावणेसहालाच गेटवर येणारे पिरनवाडी-मच्छेचे कामगार लेट, फोरमन लेट, वॉचमनसुद्धा लेट. हजेरीचं सॉफ्टवेअर नुकतंच बदललेलं. जुना डेटा नव्यात घालणारी मंडळी वेगळी होती, माझ्याकडे डेटाबेसची देखभाल.

यादी चाळताना वेळेवर आलेला एकच माणूस सापडला. खानापूरकडचा, रात्रपाळीचा, हजेरी मशीनवरचा पंच ००:२० चा. पाळी रात्री दहाची. म्हणजे गडी दोन तास वीस मिनिटं उशिरा आलेला आणि कॉम्प्युटरच्या लेखी दोन मिनिटं लवकर! मग पाळ्यांचं टेबल उघडलं. रात्रपाळीची सुरुवात: ००:२२:००.

जुन्या प्रोग्रॅममध्ये पाळ्यांच्या वेळा साध्या आकड्यांत होत्या. ६००, १४००, २२००, जनरलला ८३०. नव्यात त्या कॉलमचा प्रकार 'टाइम' केला. मायएसक्यूएल (इथला डेटाबेस) कोलन नसलेला आकडा उजवीकडून वाचतं: शेवटची दोन घरं सेकंदांची, त्याआधीची मिनिटांची. त्यामुळे १४०० म्हणजे दुपारचे दोन नव्हे, मध्यरात्रीनंतरची चौदा मिनिटं. '१४:००' असं कोलन घालून दिलं असतं तर बरोबर वाचलं असतं.

एरर का आली नाही, हे मला त्या चुकीपेक्षा जास्त आवडलं. तास २३ च्या वर जात नाही, मिनिट ५९ च्या. मिनिट-सेकंदाची घरं तर दोन्ही ५९ पर्यंत घेतात. म्हणजे दिवसातली कुठलीही वेळ मिनिटं-सेकंद म्हणून बिनबोभाट खपते. पाळ्यांचा क्रमही तोच राहतो. चुकीची किंमत नाकारणारा स्ट्रिक्ट मोड तरी काय पकडणार?

दुरुस्ती मात्र सोपी. वेळेचे सेकंद काढायचे, साठने गुणायचे, परत वेळ करायची. सहा मिनिटांच्या ३६० सेकंदांचे २१,६०० झाले की सकाळचे सहा. साडेआठही बरोबर बसतात. बॅकअप घेऊन एका ओळीत काम झालं.

लेटचा गोंधळ मिटल्यावर रात्रपाळीचं खरं दुखणं दिसलं. आत २१:५२, बाहेर ०६:०४, भरलेले तास उणे १५:४८. नव्या प्रोग्रॅमने मशीनच्या पंचमधली तारीख बाजूला काढून नुसत्या वेळा ठेवल्या होत्या. मायएसक्यूएलला उण्या वेळेचं वावडं नाही. त्याचा 'टाइम' कालावधीसाठीही असल्यामुळे उणे ८३८:५९:५९ पासून अधिक ८३८:५९:५९ पर्यंत काहीही मावतं. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये हाच प्रकार ०० ते २४:०० एवढाच, आणि ऑरेकलमध्ये नुसत्या वेळेचा प्रकारच नाही.

उणे आलं की चोवीस मिळवा, असा तोडगा फोनवर सुचवण्यात आला. मी नाही म्हटलं. रात्री साडेबाराला येणाऱ्याला तो 'लेट' ठरवू शकत नाही, कारण नुसत्या वेळेत ००:३० हे २२:०० च्या आधीचंच. पंच ही घडलेली गोष्ट, तिला तारीख हवीच. पाळीला तारीख नसते, ती रोजची. म्हणून पंच मशीनच्या मूळ नोंदींतून डेटटाइममध्ये, म्हणजे तारीख-वेळ एकत्र, घेतले. पाळीला सुरुवातीची वेळ 'टाइम'मध्ये आणि शेजारी लांबी मिनिटांत, ४८०. संपण्याची वेळ साठवलीच नाही. सहा ते सहा लिहिलं तर ते चोवीस तास की शून्य, हे कोण सांगणार? ड्यूटीच्या तारखेला सुरुवात जोडली, लांबी मिळवली, की मध्यरात्र आपोआप ओलांडली जाते.

"सगळंच यूटीसीत ठेवा" हाही सल्ला आला. यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पंचला चालेल एक वेळ. पण सहाची पाळी ००:३० म्हणून ठेवून फाउंड्रीत कुणाचं भलं होणार?

उशिरा रात्री पगारपत्रक निघालं. लेटच्या यादीत आता मोजकी नावं, त्यात खानापूरवाला. फोरमन मागून डोकावले. "बस चुकली असंल बिचाऱ्याची. सोडा की."

"मामा, त्याला कॉलम नाही. मॅनेजरसाहेबांना विचारा."