दीड इंच माया

युरोपातल्या एका बायरकडून पुढच्या उन्हाळ्याचा टेक पॅक, म्हणजे कपड्यांची चित्रं, मापं आणि शिवणीच्या सूचनांची फाइल, आला, त्याच्या पहिल्याच पानावर माझ्या आईचा ब्लाउज होता.

म्हणजे आईचा नव्हता, पण आईचाच होता. फुग्याच्या बाह्या, चौकोनी गळा, कमरेशी घट्ट. फक्त हुकांच्या जागी बटणं. रंगसुद्धा ओळखीचा, धुऊन धुऊन उतरलेल्या मोरपंखीसारखा. खाली लिहिलं होतं, ‘सत्तरच्या दशकावरून प्रेरित.’ मी ती फाइल तशीच उघडी ठेवली आणि आईला फोन लावला. म्हटलं, तुझा तो लग्नातला ब्लाउज आहे का अजून? आई म्हणाली, ‘असायला काय झालं? तो काय जाणार आहे कुठे?’

मी गेली बावीस वर्षं रबाळ्याच्या एका एक्स्पोर्ट हाउसमध्ये मर्चंडायझर आहे. नातेवाइकांच्या मते मी फॅशन डिझायनर. त्यामुळे घरात कुणाचंही लग्न निघालं की ब्लाउजचे गळे माझ्याकडे मंजुरीला येतात. प्रत्यक्षात मर्चंडायझर म्हणजे बायर आणि कारखाना या दोन घरांमधली सून. तिकडून माल उशिरा का म्हणून ऐकायचं, इकडून एवढ्या पैशात कसा बसवू म्हणून ऐकायचं. रॅम्प मी टीव्हीवर पाहते. माझी फॅशन म्हणजे बटणांचा हिशोब, अडकलेल्या चेनी आणि कार्टनवरची चुकलेली स्टिकरं.

ठाणं तसं कापडाच्या धंद्यात मधोमध बसलेलं गाव. एका अंगाला भिवंडीचे माग, दुसऱ्या अंगाला उल्हासनगरच्या जीन्स, आणि गावातच पोखरण रोडला रेमंडची १९२५ सालची लोकरीची गिरणी. गिरणीच्या जागेवर आता टॉवर आहेत. मी बेडेकर कॉलेजात होते तेव्हा माझी एकुलती एक जीन्स उल्हासनगरची होती, लेबलावर ‘मेड इन यूएसए’. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद तेव्हाही जुना होता. पण त्या जीन्सचा स्टोनवॉश असा होता की पहिल्या दिवशीच ती पाच वर्षं वापरल्यासारखी दिसायची. स्टोनवॉश म्हणजे खरोखरच दगड. टाचा घासायच्या वजरीसारखा हलका, सच्छिद्र प्यूमिस दगड ड्रममध्ये जीन्सबरोबर घुसळायचा, म्हणजे वरवरची नीळ निघते आणि शिवणींच्या कडा पांढुरक्या होतात. पुढे दगडाचं बरंचसं काम सेल्युलेज नावाच्या एन्झाइमकडे गेलं. निघालेली नीळ जायची कुठे, तर वालधुनीत. नदीला आपला रंग कोणता ते आठवत नसावं.

सांगायचा मुद्दा, नव्या कपड्याला जुनं करणं हा आमच्याकडे स्वतंत्र उद्योग आहे. त्याचा दर वेगळा लागतो. कोरा माल स्वस्त, विटलेला महाग.

आमच्याकडे दरवर्षी खारघरच्या निफ्ट या फॅशनच्या कॉलेजातून मुलं इंटर्नशिपला येतात. यंदाची मुलगी पहिल्या दिवशी लो-वेस्ट, खिसेच खिसे असलेली पँट घालून आली आणि मला कौतुकाने म्हणाली, ‘मॅम, ही व्हिंटेज आहे. थ्रिफ्टमधून मिळाली.’ मी कमरेचं लेबल उलटून पाहिलं. आमच्याच एका जुन्या बायरचं होतं. मी नोकरीला लागले त्या सुमाराला आम्ही हीच स्टाइल कंटेनर भरभरून पाठवत होतो. म्हणजे आपण स्वतः पॅक करून पाठवलेला माल व्हिंटेज होऊन परत येतो, आणि आपण मात्र अजून त्याच टेबलावर. मी तिला काही बोलले नाही. सॅम्पल रूम कुठे आहे ते दाखवलं.

जेम्स लेव्हर म्हणून लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये एक गृहस्थ होते. त्यांनी १९३७ साली एक तक्ताच करून ठेवला. फॅशन गेल्यावर १ वर्षाने ती गबाळी वाटते, १० वर्षांनी भीषण, २० वर्षांनी हास्यास्पद, ३० वर्षांनी गमतीची, ५० वर्षांनी जुनी पण गोजिरी, ७० वर्षांनी मोहक. १५० वर्षांनी नुसतीच सुंदर. तक्ता चांगला आहे, पण हल्ली पायऱ्या गाळल्या जातात. त्या मुलीची पँट हास्यास्पद व्हायच्या वयाची होती. ती एकदम गोजिरी होऊन बसली. आईचा ब्लाउज मात्र नियमाने चाललाय. १९७४ चा आहे, पन्नाशी ओलांडून गोजिऱ्या खणात पोचलेला. आणि फुग्याच्या बाह्यांचं म्हणाल तर आईसुद्धा त्यांची मूळ मालकीण नव्हे. तिच्या आजीच्या फोटोत नऊवारीवर जे पोलकं आहे त्याच्या बाह्या आईपेक्षा फुगीर आहेत. फोटोवाला सांगत असावा त्याप्रमाणे आजी गंभीर बसलीय आणि दोन्ही खांद्यांवर दोन फुगे.

रविवारी आईकडे नौपाड्याला गेले. तिने ट्रंकेतून ब्लाउज काढला. जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेला, आत वाळकी कडुलिंबाची पानं. कापड टू बाय टू रुबिया. दोन पदरी सूत उभं, दोन पदरी आडवं, म्हणून टू बाय टू. आता नेट आणि कॅनव्हास लावून जो फुगा आम्ही उभा करतो, तो त्या कापडात नुसत्या चुण्यांवर उभा राहायचा. रुबिया घ्यायला आई मला न्यायची ते मॅचिंग सेंटर मला अजून डोळ्यांपुढे दिसतं. भिंतभर रंगांच्या चवडी, आमसुली, अंजिरी, डाळिंबी, अबोली, चिंतामणी, गुलबक्षी, विटकरी. दुकानदाराच्या ट्यूबलाइटवर आईचा काडीचा विश्वास नसे. ती साडीचा पदर आणि कापडाचं टोक धरून सरळ पायरी उतरून रस्त्यावर जायची, उन्हात. मी मागे दुकानात ओलीस. दोनदा रस्त्यावर जाऊन आल्याशिवाय सौदा होत नसे.

आज मी हेच काम पगारावर करते. आमच्याकडे लाइट बॉक्स आहे. डायहाउसकडून लॅब डिप येतो, म्हणजे कापडाचे बोटभर रंगवलेले तुकडे, क, ख, ग. ते त्या पेटीत मूळ नमुन्याशेजारी ठेवायचे आणि दिवे बदलत बघायचं. डी ६५ म्हणजे दिवसाचा उजेड. टीएल ८४ म्हणजे दुकानातला. एका दिव्याखाली जुळलेले दोन रंग दुसऱ्या दिव्याखाली फटकून वागतात, त्याला मेटॅमेरिझम म्हणतात. आईला हा शब्द माहीत नाही. तिला फक्त पायरी उतरून रस्त्यावर जायचं माहीत होतं.

सोमवारी ब्लाउज डब्याच्या पिशवीत घालून नऊ नंबरवरून वाशी लोकल पकडली आणि सॅम्पल रूममध्ये आमच्या पॅटर्न मास्टरजींच्या पुढ्यात ठेवला. मास्टरजी मूळचे आझमगढचे, धंद्यात चाळीस वर्षं. त्यांनी आधी बाही पाहिली, मान डोलावली, चुण्या मोजल्या. मग ब्लाउज उलटा केला आणि त्यांचा हात थांबला.

‘मॅडम, इसमें तो मार्जिनही मार्जिन है.’

काखेपासून खाली दोन्ही बाजूंच्या शिवणींत दीड-दीड इंच माया, म्हणजे पुढे उसवून वाढवता यावं म्हणून आत राखलेलं जास्तीचं कापड. बाहीच्या आत माया, खांद्याला माया, खालच्या दुमडीत दोन बोटं. ‘किती माया ठेवू?’ हा आमच्या नौपाड्याच्या टेलरचा ठरलेला प्रश्न असायचा, आणि ‘ठेवा भरपूर’ हे आईचं ठरलेलं उत्तर. वाढत्या अंगाची पोर असो की नवी नवरी, कापड पुरलं पाहिजे. फॅशन काय, येईल तेव्हा येईल.

मास्टरजींनी शिवण खिडकीकडे धरली. जुने टाके उसवले तरी सुईची भोकं राहतात, विशेषतः रुबियासारख्या घट्ट विणीत. तिथे भोकांच्या तीन रांगा होत्या, एकीशेजारी एक, आणि चौथी आताची शिवण. चार बार खुला-बंद हुआ है, मास्टरजी म्हणाले. मी तिथूनच आईला फोन लावला. आईला सगळं पाठ. पहिली रांग लग्नातली. दुसरी दादा झाल्यावर. मग तिला कावीळ झाली, तेव्हा तो आत घेतला होता, ती सगळ्यात आतली. ‘आणि शेवटची?’ ‘ती तुझ्यानंतरची. त्यानंतर मी तो घातलाच कुठे.’ मागे कुकरची शिट्टी झाली आणि तिने फोन ठेवला.

उसवत उसवत बाहेर आलेल्या पट्ट्यांचे रंगही वेगवेगळे होते. ज्या पट्टीने जितकी कमी उन्हं पाहिली तितकी ती गडद. अगदी आतली, कधीच बाहेर न आलेली माया तर अशी होती की टेबलावरच्या सगळ्या सॅम्पलांचे रंग तिच्यापुढे आजारी वाटायला लागले. खरा मोरपंखी. मोराच्या पिसाला हलवलं की मधे जो दिसतो तो. मास्टरजी तो बोटाने चोळत बसले. मी घड्याळ पाहिलं नाही, हे माझ्या नोकरीत फार क्वचित होतं.

बाही आम्ही आईच्याच ब्लाउजवरून काढली. बायरला फिट सॅम्पल एका फेरीत पसंत पडलं, बाहीबद्दल तर मेलमध्ये दोन उद्गारचिन्हं आली. मायेचं मात्र विचारू नका. टेक पॅकमध्ये शिवणीला १ सेंटिमीटर, आणि त्यावर ओव्हरलॉकचं पातं चालतं ते कड कापतच जातं. मी उगीच कॉस्टिंगवाल्या मुलाला म्हटलं, थोडी वाढवली तर? त्याने माझ्याकडे पाहिलं आणि कॅल्क्युलेटर पुढे केला. पीसमागे नुसतं २ इंच लांबीचं कापड जास्त लागलं, तर १०,००० पीसला ५०८ मीटर. ‘आणि मॅडम, ठेवून करायचं काय? उसवणार कोण आहे?’ ते खरंच आहे. ज्या मुली हा ब्लाउज घेतील त्या दोन उन्हाळ्यांनंतर दुसरा घेतील. त्यांच्या अंगात बदल झाला तर त्या साइझ बदलतील. आमचं पोट त्यावरच चालतं, तेव्हा मी तक्रार करणं शोभत नाही. तरी ओव्हरलॉकच्या मशीनखाली कातरणांचा तो सुतळीसारखा ढीग पडतो ना, तो त्या दिवशी झाडूवाल्या मावशींच्या आधी मला दिसला.

रंगाचं नाव बायरने ‘डस्टी टील’ ठेवलं होतं. डायहाउसने पहिला लॅब डिप पाठवला तो फार ताजा आला. बायरने नापास केला. दुसऱ्यांदा फिकट केला, मग एन्झाइम वॉश दिला, मग कुठे पन्नास वर्षं धुतल्यासारखा रंग आला आणि शिक्का बसला.

इतक्यात भाचीचं केळवण ठरलं आणि माझ्या डोक्यात किडा शिरला की आईचा ब्लाउज आपण घालावा. मास्टरजींना सांगितलं, आता आहे तेवढा उघडा. त्यांनी शेवटच्या सुतापर्यंत उघडला. घालून पाहिला. हुक आणि त्याचं घर यांच्यात चार बोटांचं अंतर. आईने दीड इंच ठेवली होती ती दोन बाळंतपणांच्या हिशोबाने, बावीस वर्षांच्या बैठ्या नोकरीच्या आणि एक्स्पोर्ट हाउसच्या कँटीनच्या हिशोबाने नव्हे.

मास्टरजी चष्म्यावरून माझ्याकडे न बघता म्हणाले, काखेखालून दोन्हीकडे पट्टी घालू. कापड सॅम्पलचंच घेऊ, जुळतंय. मी बावीस वर्षांच्या सवयीने दोन्ही लाइट बॉक्समध्ये नेलं. डी ६५ खाली पाहिलं, टीएल ८४ खाली पाहिलं. ब्लाउजच्या पुढच्या भागाशी पट्टीचा रंग तंतोतंत. मास्टरजींनी संध्याकाळी सुटी व्हायच्या आत शिवून दिला. पट्टीत अर्धा-अर्धा इंच माया ठेवलीय, हे त्यांनी मुद्दाम उलटून दाखवलं.

घरी जाताना आईकडे उतरले. घालूनच दाखवला. आई काही बोलली नाही. ‘काढ,’ म्हणाली. चष्मा लावला, ब्लाउज घेतला आणि सरळ गॅलरीत गेली, जिथे अजून थोडं ऊन होतं. तिने तो बाहेरून बघितलाच नाही. उलटा केला, शिवण उलगडली, आतली कोरी पट्टी आणि नवं कापड शेजारी शेजारी धरलं, डोळ्यांपासून लांब नेलं, जवळ आणलं.

‘अगं, हा कुठला रंग घातलास?’ ती म्हणाली. ‘कुठल्या उजेडात बघितलास हा?’