किनाबालूच्या रस्त्याकडेला डॉसोनिया ओळखताना

बोर्निओतल्या किनाबालू पार्कच्या कचेरीपासून टिंपोहोन गेटपर्यंत चारेक किलोमीटरचा डांबरी चढ आहे. शिखरावर निघालेली मंडळी तो मिनीबसने उरकतात. डॉसोनिया हे उंच वाढणारं मॉस पाहायचं असेल तर हाच रस्ता पायी चढावा, आणि नजर झाडांकडे न ठेवता डोंगर कापून उघड्या पडलेल्या मातीच्या कडांवर ठेवावी. हे मॉस दाट पालापाचोळ्यात फारसं रुजत नाही. त्याला सावलीतली, ओली, उघडी चिकणमाती लागते: रस्त्याची कड, दरड कोसळलेली जागा, उन्मळलेल्या झाडाच्या मुळाखालचा खड्डा.

कोटा किनाबालू शहरापासून पार्क सुमारे ९० किलोमीटर, म्हणजे गाडीने दोन तास. कचेरी साधारण १,५६० मीटरवर आणि गेट १,८६६ मीटरवर. गेटच्या पुढे जायला गिर्यारोहणाचा परवाना आणि वाटाड्या लागतो, पण या कामासाठी पुढे जायची गरजच नाही. फेब्रुवारी ते एप्रिल त्यातल्या त्यात कोरडे महिने. रोज दुपारनंतर धुकं उतरतं, म्हणून सकाळी सातला निघून अकरापर्यंत निरीक्षणं संपवावीत. थंड खोलीतून काढलेलं भिंग दमट हवेत लगेच धुरकटतं. दहा पटीचं भिंग गळ्यात, शर्टाच्या आत ठेवलं की अंगाच्या उबेने स्वच्छ राहतं.

आपण मराठीत अशा सगळ्या हिरवाईला सरसकट शेवाळं म्हणतो, पण डॉसोनिया पाहिल्यावर तो शब्द तोकडा पडतो. स्वतःच्या बळावर ताठ उभं राहणाऱ्या मॉसमध्ये हे सर्वांत उंच. अर्धा मीटर गाठणारी रोपं मिळतात. लांबून पाइनची रोपं लावल्यासारखी दिसतात. रॉबर्ट ब्राऊनने १८११ मध्ये ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मांडली आणि डॉसन टर्नर या वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव तिला दिलं.

गफलत होते ती तीन वनस्पतींशी. पहिली लायकोपोडिएला सर्नुआ, याच कडांवर वाढणारी. ती मॉस नाहीच. छोट्या झाडासारख्या फांद्या आणि टोकाला खाली झुकलेले शंकू दिसले की पुढे चालावं. दुसरं स्पिरिडेन्स, तेही दणकट आणि लांब. पण ते मातीत नसतं, झाडाच्या किंवा वृक्षनेच्याच्या खोडावर असतं आणि त्याच्या कॅप्सूल, म्हणजे बीजाणूंच्या डब्या, मॉसच्या स्वतःच्या दांड्याच्या बाजूला येतात.

खरी कसोटी तिसऱ्याशी, पोगोनॅटमशी. ते डॉसोनियाच्याच कुळातलं, मातीच्या कडांवरच वाढणारं, त्यामुळे ठेंगण्या डॉसोनियाशी हुबेहूब जुळतं. उंचीवरून निर्णय घेऊ नये. कोवळं डॉसोनिया चार बोटांचंही असतं. आधी पान उजेडासमोर धरून पाहावं, न तोडता, मागून टॉर्च लावून. डॉसोनियाच्या पात्यावर वरच्या बाजूने लांबीला समांतर उभे पापुद्रे दाटीने असतात, म्हणून पातं अपारदर्शक दिसतं. इथल्या पोगोनॅटम सिर्राटम या जातीचे पापुद्रे जेमतेम एक-दोन पेशी उंच, म्हणून पातं पातळ वाटतं आणि सुकलं की कुरळं होतं. डॉसोनियाचं पान सुकूनही तारेसारखं ताठ राहतं. मात्र पोगोनॅटमच्या काही जातींचे पापुद्रे उंच असतात, तेव्हा एवढ्यावर थांबू नये.

निकाल लागतो तो कॅप्सूलवर. पोगोनॅटमची कॅप्सूल नळकांड्यासारखी, तोंडावर ३२ आखूड दात आणि त्यांना जोडणारा पातळ पडदा, ढोलकीच्या पुडीसारखा. डॉसोनियाची कॅप्सूल वरून चपटी, खालून फुगीर आणि पिकल्यावर आडवी कललेली. तिच्या तोंडातून शेकडो पांढुरक्या केसांचा कुंचला बाहेर येतो. पावसाचा थेंब चपट्या बाजूवर आदळला की भात्यासारखी हवा दाबली जाते आणि बीजाणूंची धूळ या कुंचल्यातून उडते. बीजाणू अवघे सहा ते दहा मायक्रोमीटरचे. हे सारं पाहायला पिकलेली कॅप्सूलच हवी. कोवळ्या कॅप्सूलवर दोन्ही प्रजातींत केसाळ टोपी असते, आणि नेमके तिचेच फोटो सगळे काढतात, कारण ती देखणी दिसते. नर रोपं वेगळी असतात, त्यांच्या टोकाला पेल्यासारखा पानांचा गुच्छ. एका कडेवर फक्त नर दिसले तर वीस-तीस पावलं पुढे शोधावं.

फोटो निदान पाच काढावेत: पट्टीसह पूर्ण रोप, खोडाला कवटाळणारं पानाचं रुंद बूड, मागून उजेड दिलेलं पातं, कॅप्सूल बाजूने आणि कॅप्सूल तोंडासमोरून. फ्लॅशने ओली पानं चकाकतात, त्यावर टिश्यू पेपरची एक घडी पुरते. उंची दहा रोपांची मोजून सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त लिहावी. रोप उपटू नये. खोडं मातीखाली एकमेकांत गुंतलेली असतात, एक ओढलं की कडेचा ढेकूळच सुटतो. शिवाय पार्कमधून काहीही नेणं गुन्हा आहे; अभ्यासासाठी नमुने हवे असतील तर सबाह जैवविविधता केंद्राचा परवाना बऱ्याच आधी मागावा.

परवाना असलेल्यांनी नमुना कागदाच्या पाकिटात हवेवर सुकवावा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. नंतर पान गरम पाण्यात भिजवून मधल्या भागाचा ब्लेडने आडवा छेद घ्यावा आणि पापुद्र्यांची उंची व टोकाच्या पेशीचा आकार पाहावा. छेदाशिवाय जातीचं नाव लिहू नये, कारण किनाबालूवर डॉसोनियाच्या एकाहून अधिक जाती आहेत. संग्रहातल्या नमुन्यांच्या जुन्या लेबलांवर डॉसोनिया सुपर्बा हे नाव आढळेल. आता बरेच अभ्यासक ते डॉसोनिया लाँगिफोलियात धरतात. फोटोवरून फक्त ‘डॉसोनिया’ एवढीच नोंद केली तर ती पूर्ण आणि प्रामाणिक नोंद आहे.

भारतात डॉसोनिया नाही, पोगोनॅटम मात्र निलगिरीत आहे. निघण्याआधी तिथल्या रस्त्याच्या कडांवर पापुद्रे आणि ३२ दात पाहण्याचा हात बसवून घ्यावा.