टाचेतली वात

दिवे घाट, सासवड, जेजुरी एकमेकांत मिसळून गेले आहेत. पाऊस वाल्ह्याला लागला की लोणंदला, आता सांगता येणार नाही. नीरेत माउलींच्या पादुकांना स्नान घातले तेव्हा मला पुढच्या माणसाची पाठ तेवढी दिसली. चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण झाले.

सर या दिंडीतून अठरा वर्षे चालले. दर ज्येष्ठात त्यांचा फोन यायचा, "येतोस ना यंदा?" आणि मी म्हणायचो, पुढच्या वर्षी नक्की. पौषात सर गेले. यंदा फोन आला नाही आणि मी आळंदीला जाऊन उभा राहिलो.

विद्यापीठात सर आम्हाला बाडे वाचायला शिकवायचे. वारकऱ्यांनी हाताने लिहून, दोऱ्याने शिवून पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या अभंगांच्या वह्या. तुकोबांचे अभंग टिकले त्यात संताजी जगनाड्यांच्या बाडांचा वाटा केवढा, हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. टाचणीचा त्यांना मनस्वी राग. गंजते आणि कागद खाते, म्हणायचे. माझ्या प्रबंधाची प्रकरणे ते स्वतः सुई-दोऱ्याने शिवत. तिसरे प्रकरण त्यांनी तीनदा उसवून परत दिले. तेव्हा पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोललो नव्हतो.

बरडहून निघालो त्या दिवशी आभाळ कोरडे होते. धर्मपुरीला पालखी सोलापूर जिल्ह्यात शिरली, स्वागताचे कर्णे सुरू झाले आणि माझे डोके उठले. ज्याने त्याने "माउली, माउली" म्हणत कोपराने बाजूला सारावे. टाळ वाजत होते, पण मला नाम सुचत नव्हते. डाव्या टाचेला लिंबाएवढा फोड आला होता. दिंडी पुढे गेली. मी एका बाभळीखाली बसून राहिलो आणि सरांवर चिडलो. एकदा तरी हट्टाने न्यायचे होते ना मला.

डोक्यावर तुळस घेतलेली एक मावशी थांबली. परभणीकडची. वृंदावन जपून खाली ठेवले आणि म्हणाली, "पाय हिकडं करा, माउली."

मी पाय ओढून घेतला. तिने आधी त्यालाच हात लावून नमस्कार केला. वारीत हे रोजचेच, तरी मला अवघडल्यासारखे झाले. मग पिशवीतून सुई काढली, दोरा ओवला, दोऱ्याला खोबरेल लावले आणि सुई फोडातून आरपार नेली. पाणी निथळले. दोऱ्याची दोन्ही टोके बाहेर ठेवून तिने बाकीचा दाताने तोडला.

"वात ऱ्हाऊ द्या आत. काढू नगा. ती आपसूक पाणी वढती."

वात. ती ओणवी होऊन सुई धरून बसलेली, चष्मा नाकावर घसरलेला. मला टेबलावर वाकून प्रकरण शिवणारे सर दिसले आणि रडू आवरेना.

"लई दुखलं का लेकरा?"

नाही म्हटले आणि सगळे सांगितले. सर कसे गेले, मी कसा आलो नाही कधी. तिने समजूत वगैरे घातली नाही. विचारलं, "कोन्त्या दिंडीत व्हते? उंच का?"

"नाही, बुटकेच. गळ्यात कापडी झोळी असायची."

ती बराच वेळ आठवत राहिली. मनापासून. "न्हाई बा," शेवटी म्हणाली, "न्हाई ध्यानात येत." तिला वाईट वाटलेले दिसत होते. मग तुळस उचलली आणि गेली.

त्या झोळीत सर कोऱ्या शब्दपट्ट्या ठेवायचे. वाटेत नवा शब्द कानावर आला की पट्टी काढायची: शब्द, अर्थ, गाव, तारीख, निवेदक म्हणजे शब्द ज्याच्या तोंडून ऐकला तो. यंदा झोळी माझ्याकडे आहे. नातेपुत्याला समाजआरतीत चोपदारांनी दंड उंचावला, सगळा तळ एका क्षणात गप्प झाला. हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारल्या जात होत्या आणि मी बायकांच्या घोळक्यात तिला शोधत होतो. पुढे माळशिरसला, वेळापूरला शोधले. वाखरीला तर गर्दीच इतकी.

पट्टीवर लिहिले आहे: वात. फोडात ठेवलेला दोरा. परभणीकडील बोली. निवेदकाची जागा रिकामी आहे. नाव विचारायचे राहिले.