कोडियाकच्या अस्वलासाठी कुठली रायफल न्यावी?

अलास्कातल्या कोडियाक बेटावरून परतल्यापासून इथल्या शिकारी मित्रमंडळींचा एकच प्रश्न: "३७५ लागतेच का रे?" म्हणजे जाड गोळीची, जोरदार दणक्याची रायफल. नाही लागत.

राज्याबाहेरच्या माणसाला तिथे तपकिरी अस्वलासाठी परवानाधारक गाईड किंवा अलास्कात राहणारा जवळचा नातेवाईक सोबत लागतोच. तेव्हा खरेदीआधी गाईडला फोन करा. आमच्या गाईडने कॅलिबर, म्हणजे गोळीची जाडी, विचारलंच नाही. "सगळ्यात जास्त कुठली चालवली आहेस?" एवढंच. माझी हरणांवरची जुनी थर्टी-ऑट-सिक्स (३०-०६) रायफल. "तीच आण."

कोडियाकचा मोठा नर ६८० किलोपर्यंत भरतो, त्यामुळे तिच्याहून जोरदार ३३८ विंचेस्टर मॅग्नमचा मोह सुटत नव्हता. १९१२ पासून चालत आलेली ३७५ एच अँड एचही उत्तमच. पण दणका! रेंजवर मित्राची ३७५ चालवली, तर चार गोळ्यांत ट्रिगर दाबायच्या आधीच डोळे मिटायला लागले. असा माणूस अस्वल नुसतं जखमी करणार, आणि ते आल्डरच्या दाट झुडपात शिरलं की मागे जायचं गाईडने.

खरा पैसा गोळीवर घालवा. हरणांसाठीची मऊ गोळी अस्वलाच्या खांद्याच्या हाडावर फुटून वाया जाऊ शकते. मी २०० ग्रेनची (सुमारे १३ ग्रॅम) नॉस्लर पार्टिशन गोळी नेली. तिच्या मधोमध तांब्याचा पडदा असतो. पुढचा भाग पसरतो, मागचा शाबूत राहून खोल जातो.

कॅम्पवर पोचताच गाईडने १०० यार्डांवर खोकं ठेवून गोळ्या मारायला लावल्या. प्रवासात स्कोप (रायफलीवरची नेमाची दुर्बीण) हललाय का ते कळतं, आणि खरं तर माणूसही कळतो. मग नळीच्या तोंडाला वायरमनची काळी चिकटपट्टी लावली, पाऊस आत जाऊ नये म्हणून. ती काढायची नाही, गोळीपुढची हवाच तिला उडवते. दणका कमी करायला नळीच्या तोंडाला बसवलेला मझल ब्रेक बघून मात्र बरेच गाईड कपाळाला आठ्या घालतात, आवाज बाजूला उसळून कान त्यांचे जातात.

छोट्या विमानाने उतरलात त्या दिवशी शिकार बंद, दुसऱ्या दिवशी पहाटे ३ नंतरच. पिल्लांसोबतची मादी मारायची नाही, म्हणून बहुतेक वेळ दुर्बीण लावून बसण्यातच जातो. नर मिळाला तो १२० यार्डांच्या आसपास, आडवा उभा. पहिली गोळी खांद्यामागे बसली आणि गाईड ओरडला, "थांबू नकोस, मारत राहा!" दुसरीला बसला, तिसरीला संपला. गाईडची ३७५ गप्पच राहिली.

रायफल स्टेनलेस आणि सिंथेटिक दस्त्याची असू द्या. खारा वारा लाकूड-लोखंड दोन्ही खातो. स्कोप कमी पॉवरचा. विमानात रायफल रिकामी, कुलूपबंद कडक पेटीत, चेक-इनला सांगून.

अमेरिकेत नोकरीच्या एच-१बी व्हिसावर असाल तर आणखी एक. त्या व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल कायद्याची मनाई आहे, पण अमेरिकेतल्या राज्याचा चालू शिकार परवाना असेल तर सूट मिळते. म्हणून आधी परवाना काढा, मगच रायफलीला हात लावा, मित्राची असली तरी.