साईड ए चढी का, याचा छडा लागला

लागला एकदाचा! मागच्या वेळी माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या जॅझ अल्बमपाशी गाडी अडलीय एवढं लिहून थांबले होते. पुढे काही कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं काही घडतच नव्हतं. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाची पाचशे अल्बमांची यादी जागच्या जागी, डब्यातल्या चिठ्ठ्या जागच्या जागी (चिठ्ठी काढून यादीतला एकेक अल्बम आम्ही दोघं ऐकतो आणि गुण देतो) आणि दिवाणखान्यात प्लेअर पोट उघडून पडलेला.

तक्रार काय होती, ते जरा नीट सांगते. रेकॉर्ड ह्यांनी हैदराबादहून आणलेली, जुनं अमेरिकन प्रेसिंग. रेकॉर्ड लागली की पेटी (हार्मोनियम) पुढ्यात ओढायची ही माझी खोड तुम्हाला माहीत आहेच. ‘सो व्हॉट’ म्हणजे आपल्या कानाला सरळ काफी थाट. गंधार-निषाद कोमल, बाकी सगळे शुद्ध. चार मात्रांचं आवर्तन धरलं तर सोळा आवर्तनं सा एका जागी, मग आठ आवर्तनं अख्खा सा अर्ध्या सुरानं वर, आणि शेवटची आठ पुन्हा मूळ जागी. खर्जात पॉल चेंबर्सचा बास विचारतो, बाकीचे दोन ठोक्यांत उत्तर देतात. एवढ्याशा सामानावर ही माणसं नऊ मिनिटं काढतात. सा सरकतो ती जागा ह्यांना पहिल्यांदा ऐकू आली, तेव्हा हे खुर्चीतून उठून उभे राहिले. यादी सुरू केल्याचं तिथेच सार्थक झालं माझ्या मते.

पण हा सा पुस्तकाप्रमाणे पेटीच्या पांढरी दोन पट्टीवर हवा. आमच्याकडे तो पांढरी दोनच्या वर आणि काळी दोनच्या खाली, मध्येच कुठेतरी लटकलेला. साईड बी उलटली, ‘ऑल ब्लूज’ लागलं, तर पांढरी पाच चोख.

“पेटी उतरली असेल तुझी,” हे म्हणाले. पेटी दिवाळीनंतर जुळवून घेतलेली. मोबाईलवरच्या ट्यूनरनंही माझीच बाजू घेतली. मग ह्यांनी मोर्चा मशीनकडे वळवला.

आमचा प्लेअर बेल्टवाला, सिंक्रोनस मोटर, वेग कमी-जास्त करायचा खटका नाही. धाकट्या दिरांनी लगेच निदान केलं: साखर पेठेत राहताय, गल्लीत माग सुरू झाले की व्होल्टेज पडतं, स्टॅबिलायझर घ्या की ओ. तो खर्च ह्यांनी वाचवला. सिंक्रोनस मोटर व्होल्टेजवर नाही, विजेच्या फ्रिक्वेन्सीवर चालते, आणि ती आपल्याकडे 50 हर्ट्झ. शिवाय व्होल्टेज पडून मशीन जोरात कशाला पळेल? मग पुली 60 हर्ट्झच्या देशातली असेल का, हाही विचार झाला. पण ती चूक थेट सतराएक टक्क्यांची असते, आणि तीही मशीन हळू करणारी. पाव सुराची चढ तिच्यानं होत नाही.

तरी बेल्ट बदललाच. पुरवठादाराचं नाव लिहीत नाही, पण त्यानं पाठवलेला बेल्ट पुलीवर बसताच लोंबायला लागला. माझं मत विचाराल तर मॉडेलचं नाव सांगून बेल्ट मागवूच नका. जुन्या बेल्टची आतली लांबी दोऱ्यानं मोजा आणि मिलिमीटरमध्ये सांगा. सैल बेल्ट घसरतो, घसरला की तबकडी हळू होते, आणि आमचं दुखणं बरोबर उलटं! हे मी बेल्ट मागवण्याआधीच म्हटलं होतं. असो.

मग आली तबकडीचा वेग तपासायची स्ट्रोब डिस्क. कागदावर छापून घेतली: आतल्या कड्यात 180 रेघा, बाहेरच्यात 216. आपल्या 50 हर्ट्झला 180 चं कडं बघायचं, 216 चं अमेरिकेसाठी. दिवाणखान्यात डिस्क फिरवली तर नुसता राखाडी पट्टा. आमचा एलईडी बल्ब डोळ्याला कळेल असा लुकलुकतच नाही, त्यामुळे रेघा थांबल्यासारख्या दिसायचा प्रश्नच नाही. घरात तांब्याच्या चोकवाली जुनी ट्यूब राहिलीय ती फक्त स्वयंपाकघरात. तेव्हा प्लेअर ओट्यावर आला. एका बाजूला भाकरीची परात, दुसऱ्या बाजूला शेंगाचटणीचा डबा, मध्ये तबकडी. स्टार्टरनं दोन-चार उचक्या दिल्या, ट्यूब लागली, आणि त्या 180 रेघा जागच्या जागी उभ्या राहिल्या. जरासुद्धा सरकेनात. बाहेरचं कडं मात्र भराभर पळत होतं, म्हणजे डिस्कही बरोबर. हे इतके खूष झाले की नळाला पाणी आल्याची हाकही ह्यांना ऐकू आली नाही.

मशीन निर्दोष सुटलं. पण सा तिथेच लटकलेला.

शेवटी मीच म्हटलं, अहो, एका बाजूला जोरात आणि दुसऱ्या बाजूला बरोबर, असं फिरणारं मशीन कधी बघितलंय का? दुसऱ्या रेकॉर्डी लावून बघितल्या. दोन्ही बाजू बिनतक्रार. म्हणजे दुखणं तबकडीतच कोरलेलं. मग शोधाशोध झाली आणि सगळं हाती आलं.

हे रेकॉर्डिंग न्यूयॉर्कमधल्या कोलंबियाच्या 30व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत दोन बैठकांत झालं: 2 मार्च आणि 22 एप्रिल 1959. साईड ए-वरच्या तिन्ही चिजा मार्चच्या, साईड बी-वरच्या दोन्ही एप्रिलच्या. मार्चच्या बैठकीला मुख्य टेप मशीन किंचित हळू चालत होतं. हळू चालणाऱ्या टेपवर घेतलेलं नेहमीच्या वेगानं वाजवलं की जलद होतं आणि चढतं. त्या टेपवरून कापलेली प्रत्येक साईड ए चढीच. त्या दिवशी शेजारी राखीव मशीनही चालू होतं आणि त्याचा वेग बरोबर होता. 1992 साली त्या टेपवरून नवी आवृत्ती निघाली, तेव्हा कुठे सा जागेवर आला. 1959 ते 1992, म्हणजे तेहतीस वर्षं. एलपीही मिनिटाला तेहतीस फेऱ्यांचीच, म्हणून हा आकडा ऐकून हे एकटेच हसत बसले होते.

आता नवाच वाद. दुरुस्त आवृत्ती मोबाईलवरून स्पीकरला जोडून ऐकली. सा पांढरी दोनवर, माझा जीव शांत. ह्यांना मात्र चढीच आवडते. म्हणे, इतकी वर्षं जगानं जी ऐकली तीच खरी. त्यामुळे गुण अजून लागलेले नाहीत. मी साडेआठवर आहे, हे दहातले दहा द्यायला निघालेत. नियमाप्रमाणे दोघांचे गुण ठरल्याशिवाय पुढची चिठ्ठी निघत नाही.

एक फायदा आपोआप झाला. मागे भिंतीचा घुमारा म्हणून मी रडत होते ना? प्लेअर ओट्यावर गेल्यावर मोकळ्या भिंतीवर दोन सोलापुरी चादरी टांगल्या. जाड, जुन्या, मोराच्या नक्षीच्या. पियानोचा शेवट आता ऐकू येतो. ‘ब्लू इन ग्रीन’मध्ये बिल एव्हान्स स्वर सोडून देतो ते नीट कळतं. पाहुण्यांना वाटतं आम्ही दुकान टाकलंय.

पुढचा बेत ‘अ लव्ह सुप्रीम’चा होता, ‘काइंड ऑफ ब्लू’तला सॅक्सोफोनवाला कोल्ट्रेन सलग ऐकायचा म्हणून. पण हे लिहिता लिहिता डोक्यात दुसरंच शिरलंय. माळ्यावर आजोबांची ट्रंक आहे, आतमध्ये ख्यालाच्या 78 च्या (मिनिटाला 78 फेऱ्यांच्या) तबकड्या. (उन्हाळ्याआधी त्या खाली आणायच्याच आहेत, पत्र्याखाली लाख मऊ पडते.) 78 हा आकडा 1925 च्या सुमाराला पक्का झाला, त्याआधीच्या तबकड्या कुठल्या वेगानं घेतल्यात याचा भरवसा नाही. म्हणजे आपण ज्या पट्टीत ते गवई ऐकतो, ती त्यांची खरी पट्टी असेलच असं नाही! गाण्यात पेटीची साथ असेल तर तिच्या सुरांवरून अंदाज बांधता येईल. तबकडी कॉम्प्युटरवर उतरवायची आणि ऑडॅसिटी या आवाजाच्या प्रोग्रॅममध्ये वेग पाव-पाव टक्क्यानं हलवत जायचं. ह्यांनी ऐकून घेतलं आणि थेट स्क्रू ड्रायव्हर शोधायला गेले.

आमच्या प्लेअरला 78 नाही. कुणाकडे तीन वेगांचं जुनं मशीन धूळ खात पडलं असेल तर कळवा, सोलापूर-पुणे पट्ट्यात कुठेही येऊन घेऊन जाऊ. 78 ची सुई वेगळी लागते, जाड टोकाची, ती मी मागवलीय. आणि या वेळी माप विचारून.