गॅरेज नसलेले ग्रह

१९७७ च्या 'स्टार वॉर्स'मध्ये तलवारी, राजकन्या सगळं आहे, पण माझा जीव अडकतो तो नायक ल्यूकच्या काकात. टॅटूइन नावाच्या वाळवंटी ग्रहावर हा ओवेन काका हवेतला ओलावा गोळा करण्याची शेती करतो. दारात भंगारवाले जावा येतात, जुने यंत्रमानव ओळीने मांडतात. त्यातला सोनेरी यंत्रमानव साठ लाखांहून अधिक संवादपद्धतींत पारंगत. आणि काका त्याला विचारणार काय, तर आमच्या पाण्याच्या यंत्रांशी बोलता येईल का! सोबत घेतलेला दुसरा चार पावलं चालतो न चालतो तोच धूर सोडून बसतो. पुण्याच्या जुन्या बाजारात घासाघीस केलेल्या माणसाला हा प्रसंग कुणी समजावून सांगायला नको.

त्याच आकाशगंगेत कोरुसांट हा आख्खा ग्रह म्हणजे एक शहर आहे. प्रकाशाहून वेगाने जाणारी जहाजं आहेत. मग काकाच्या नशिबी भंगार का? लेखकाला वाळवंट हवं होतं म्हणून, हे उत्तर खरंच आहे, पण त्यात मजा नाही. मला वाटतं, जहाजातून माल येतो, माल बनवणारा गाव येत नाही. यंत्रामागे सुटे भाग करणारे, त्यांना अवजारं पुरवणारे, बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखणारे अशी माणसांची उतरंड असते. ती कंटेनरमध्ये भरता येत नाही. आपली पृथ्वी तर एकच ग्रह, तरी अतिसूक्ष्म चिप छापणारी ईयूव्ही यंत्रं नेदरलँड्समधल्या वेल्डहोव्हनची एएसएमएल ही एकटी कंपनी बनवते. पैसा ओतायला तयार असलेले देश कमी नाहीत. यंत्र विकत मिळेल, वेल्डहोव्हन कुठून आणणार?

आणि पैसा तरी सगळीकडे कुठे चालतो! याच मालिकेतल्या १९९९ च्या चित्रपटात टॅटूइनचाच भंगारदुकानदार वॅटो जहाजाचा सुटा भाग समोर असूनही प्रजासत्ताकाचे पैसे घ्यायला साफ नकार देतो. अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमन यांनी १९७८ मध्ये, नोबेल मिळण्याच्या तीस वर्षं आधी, ग्रहांमधल्या व्यापारावर गंभीर चेहऱ्याने एक विनोदी शोधनिबंध लिहिला होता. प्रकाशाच्या जवळपास वेगाने माल निघाला की जहाजातलं घड्याळ मागे पडतं. मग व्याज कुठल्या घड्याळाने मोजायचं? ग्रहावरच्या, असं त्यांचं उत्तर. व्यापारामुळे ग्रहाग्रहांवरचे व्याजदर सारखे होतील, हेही त्यांनी सिद्ध केलं. व्याजदर होतील हो. वॅटोच्या गल्ल्याचं काय?

ग्रहाग्रहांतली ही तफावत सगळ्यात बारकाईने पाहिली ती विज्ञानकथाकार आयझॅक असिमॉव्ह यांनी, 'फाउंडेशन' या कादंबरीमालेत. तिथे श्रीमंती-गरिबी कायमची नाही, ती ओसरते. आकाशगंगाभर पसरलेल्या साम्राज्याच्या कडेचा अनाक्रिऑन ग्रह तोऱ्यात असतो, पण टर्मिनस या दुसऱ्या ग्रहाचा महापौर हार्डिन त्याच्या दूताशी बोलता बोलता प्लुटोनियमचा विषय काढतो. वीजकेंद्रात प्लुटोनियम वापरणं केव्हाच मागे पडलंय, हे त्या दूताच्या गावीही नसतं. हार्डिन ओळखतो, यांची अणुऊर्जा गेली, हे परत कोळशा-तेलावर आलेत. वरून कसला हल्ला नाही, बॉम्ब नाही. जाणकार संपले, इतकंच. टर्मिनसवर तर धातूंचाच दुष्काळ, म्हणून तिथली यंत्रं आकाराने लहान होत जातात. गरजेपोटी आलेला हा काटकसरीपणा साम्राज्याच्या अवाढव्य यंत्रांपुढे शेवटी वरचढ ठरतो, ही असिमॉव्ह यांची खास गंमत.

साम्राज्याची राजधानी असलेल्या ट्रँटर ग्रहाचं तर विचारूच नका. चाळीस अब्जांहून जास्त वस्ती, सगळी जमीन धातूखाली, आणि जेवण वीस शेतकरी ग्रहांवरून जहाजांनी यायचं. इतकी श्रीमंती, पण सकाळची भाजी परग्रहावरून! साम्राज्य कोसळल्यावर तिथे उरलेल्यांनी जमिनीवरचा धातू उचकटला, बाहेर विकला, आणि त्या पैशांत बियाणं आणि गुरं आणली.