शेताचं म्हणतीस का पाटीलकीचं?

भाऊबीजेला बहीण माहेरी आली, बरोबर भाची. एरवी ही पोरगी आली की घर डोक्यावर घेते. यंदा आल्या आल्या फराळाच्या ताटाशेजारी लॅपटॉप मांडला आणि तोंड पाडून बसली. पुण्यात आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) बोर्डाच्या शाळेत बारावीला आहे आणि तिनं इतिहास हायर लेव्हलला घेतलाय. तिथे इतिहासाचा एक लेख शाळेत बसून नाही, आपल्या आपण लिहायचा असतो. विषय आपणच निवडायचा, घटना निदान दहा वर्षांपूर्वीची हवी, मर्यादा २,२०० शब्दांची, आणि त्यातला एक भाग फक्त दोन ऐतिहासिक साधनांची चिकित्सा करण्यासाठी. बाईसाहेबांनी आजोळाला जागून विषय घेतला होता: १८४८ मध्ये सातारा संस्थान खालसा झालं ते कितपत कायद्यानं आणि कितपत ईस्ट इंडिया कंपनीच्या सोयीनं?

"मामा, तू इतिहासाचा मास्तर. वाच ना जरा."

मी गेली सव्वीस वर्षं साताऱ्यात अकरावी-बारावीला इतिहास शिकवतो. त्यामुळे "वाच ना जरा" म्हटलं की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. लॅपटॉपवर पेन चालत नाही हे पोरीचं नशीब.

लेख इंग्रजीत होता, नीटनेटका, आणि त्यात एकही चूक नव्हती. १८१९ चा तह. १८३९ ला प्रतापसिंह महाराजांवर कटाचा आरोप, पदच्युती, काशीला रवानगी. गादीवर धाकटे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब. १८४७ ला प्रतापसिंह काशीत वारले, ५ एप्रिल १८४८ ला आप्पासाहेबही गेले. जाण्याआधी त्यांनी दत्तक घेतला, तो नामंजूर, राज्य खालसा. प्रतापसिंहांचे वकील रंगो बापूजी यांची लंडनमधली चौदा वर्षं, मग १८५७, आणि शेवटी साताऱ्याच्या गेंडामाळावर ८ सप्टेंबरला सतरा जणांना दिलेली मृत्युदंडाची शिक्षा. शेवटचा परिच्छेद वाचताना माझेच डोळे ओले झाले.

पण निबंध म्हणून त्यात काहीच नव्हतं. सगळं "मग असं झालं, मग तसं झालं".

तिला बोलायचा मला फारसा अधिकार नाही. बी.ए.ला असताना ट्युटोरियलला मी प्रतापसिंह महाराजांवरच नऊ पानं लिहिली होती. छापखाना, शाळा, पाण्याची सोय, काही सोडलं नव्हतं. सरांनी वही परत दिली तेव्हा आत कुठेच खूण नाही, फक्त शेवटच्या पानावर हिरव्या शाईत दोन वाक्यं: "सगळं बरोबर. प्रश्न कुठला होता?" ती वही अजून माळ्यावर आहे.

आणि हे काही आयबीवाल्यांचंच दुखणं नाही. आमच्या बारावीच्या कृतिपत्रिकेत "तुमचे मत नोंदवा" असा प्रश्न येतो. सरावाला मी प्रतिसरकारवर, म्हणजे नाना पाटलांच्या समांतर सरकारवर, घालतो, कारण तो इथल्या प्रत्येकाच्या घरचा विषय. एखाद्याचे पणजोबा तुफान सेनेत होते, एखादीच्या आजोळी गांधी विवाह झालेला. उत्तरं मात्र एकाच साच्यातून काढल्यासारखी. "माझ्या मते" असं लिहून पुढे पुस्तकातला परिच्छेद जसाच्या तसा, शेवटी "अशा प्रकारे नाना पाटील यांचे कार्य महान आहे." अरे, महान आहेच. नाही कोण म्हणतंय? ज्याला कुणी नाही म्हणूच शकत नाही, ते मत कसलं?

भाचीला हेच सांगत होतो. तिला पटत होतं, पण पुढे काय करायचं ते उमगत नव्हतं. इतक्यात ओसरीवरून आई म्हणाली, "काय चाललंय रं मामा-भाचीचं?"

आई ब्याऐंशी वर्षांची. सूप मांडीवर घेऊन यंदाचा पहिला पावटा सोलत बसली होती. मी भाचीला म्हटलं, असं कर, एकेक परिच्छेद आजीला मराठीत एका वाक्यात सांग. आजीनं "बरं, मग?" म्हटलं की समज, परिच्छेद वाया गेला. आजी उलटून काही बोलली तर तो ठेव.

पहिलं वाक्य: "आजी, १८१९ मध्ये इंग्रजांनी साताऱ्याच्या महाराजांशी तह केला."

"बरं, मग?"

"मग महाराजांना काढलं आणि त्यांच्या भावाला गादीवर बसवलं."

"बरं, मग?" शेंगेचा आवाज. टिक.

तिसऱ्या वाक्याला पोरगी चिडली आणि म्हणाली, "आजी, इंग्रजांना दत्तक नाकारायचा काहीच अधिकार नव्हता!"

आईचा हात थांबला. "कशाचा दत्तक? शेताचं म्हणतीस का पाटीलकीचं?"

आम्ही दोघं गप्प. आई पुढे बोलत राहिली. तिच्या माहेरी तिच्या चुलत चुलत्याला दत्तक घेतलं होतं, त्यावरून भाऊबंदकी झाली, कोर्टात गेली, ते सगळं तिनं लहानपणी ऐकलेलं. "आगं, दत्तक घेतला म्हंजी पोटचाच की. जमिनीला त्येचं नाव लागतंच. पर पाटीलकीचं येगळं. ती वरच्यानं मान्य केली तर. माजा आजा म्हणायचा, नजराणा भरल्याबिगर मान मिळत न्हाई."

भाचीनं डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं. कारण तेव्हाचा गव्हर्नर जनरल डलहौसी, त्याची बाजू नेमकी हीच होती. दत्तकपुत्राला राजाची खासगी मालमत्ता मिळेल, त्याला आमची ना नाही. पण राज्य म्हणजे खासगी मालमत्ता नव्हे, त्याला वरिष्ठ सत्तेची संमती हवी. लॉर्ड डलहौसी जानेवारी १८४८ मध्ये हिंदुस्थानात उतरला, वय पस्तीस. तीन महिने होतात न होतात तोच आप्पासाहेब वारले. आमची आई चौथी शिकलेली, आणि तिनं साताऱ्यावरच्या त्याच्या सरकारी टिपणाचा गाभा पावटा सोलता सोलता मांडला.

माझ्या मते निबंध खरा इथे सुरू झाला. भाचीच्या मसुद्यात इंग्रज नुसते लबाड होते. लबाडाशी वाद घालायला काय लागतं? समोरच्याची बाजू आपल्याला वाटते त्यापेक्षा बळकट आहे, हे कळल्याशिवाय आपल्या बाजूला कस लागत नाही. पेशवाईतसुद्धा सरंजामदाराला दत्तक घ्यायचा तर सरकारची मंजुरी आणि नजराणा लागे. म्हणजे संमती मागायची पद्धत डलहौसीनं विलायतेहून आणली नव्हती. बरं, वारस नाही म्हणून संस्थान गिळायची सुरुवातही त्याची नाही. आंग्र्यांचं कुलाबा १८४० मध्येच खालसा झालं होतं, तेव्हा डलहौसी इथे आलाही नव्हता. शाळेच्या पुस्तकांत हे धोरण त्याच्याच नावावर खपतं, म्हणून पोरांना वाटतं त्यानं एका सकाळी उठून ते काढलं.

हे ऐकून भाचीचा धीर सुटला. "मग काय, इंग्रज बरोबर होते?"

आता हिंमत धरायची वेळ होती. तिला विचारलं, मुंबईचा गव्हर्नर तेव्हा कोण होता? सर जॉर्ज क्लार्क. इंग्रजच. त्याचं म्हणणं काय? तिनं तिच्याच नोंदी चाळल्या. क्लार्क म्हणत होता, २५ सप्टेंबर १८१९ च्या तहात "वारस आणि उत्तराधिकारी" असे शब्द आहेत, आणि हिंदू शास्त्राप्रमाणे दत्तक हा वारसच. राज्य खालसा करू नये. तो गेला, त्याच्या जागी फॉकलंड गव्हर्नर म्हणून आला, कौन्सिलातल्या विलोबीनं खालसा करण्याच्या बाजूनं लांबलचक टिपण लिहिलं, आणि मुंबईचं मत फिरलं. लंडनला कंपनीच्या संचालकांनी जानेवारी १८४९ मध्ये शिक्कामोर्तब केलं, तेव्हाही काहींनी विरोधी मत नोंदवलं. म्हणजे एकच तह, एकच दत्तक, आणि कंपनीच्याच माणसांत दोन तट. भाचीनं हे सगळं "काही अधिकाऱ्यांचा विरोध होता" अशा अर्ध्या वाक्यात उरकलं होतं. पेढ्याचा पुडा आणून नुसता कागद चाटल्यासारखं.

आणि करौली. राजपुतान्यातलं हे छोटं संस्थान, तिथला राजा साताऱ्यानंतर चारच वर्षांनी वारला, तिथेही दत्तकाचाच प्रश्न. तिथे संचालकांनी दत्तक मान्य केला. कारण दिलं, करौली हे जुनं मित्रराज्य, सातारा आम्ही निर्माण केलेलं. आता हे कारण खरं मानायचं की सोयीचं? भाची म्हणाली, सोयीचं. मी म्हटलं, एकदम नको. सातारचं राज्य १८१९ मध्ये कंपनीनंच उभं केलं, ही गोष्ट खोटी नाही. ती आधी कबूल कर, मग पुढे जा.

संध्याकाळी आम्ही दोघं 'चार भिंती' या स्मारकावर गेलो. तिथून खाली सगळं शहर दिसतं, पाठीशी अजिंक्यतारा. बोलता बोलता तिला डलहौसीच्या टिपणातली ती जागा आठवली. सातारा मुंबई इलाख्यातल्या दोन मुख्य लष्करी ठाण्यांच्या मधे येतो, स्वतंत्र राजाच्या हाती राहिला तर फौजांच्या हालचालींत अडथळा होऊ शकतो, असं त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. आणि प्रदेश वा महसूल मिळवायची रास्त संधी आली तर ती सोडू नये, हेही त्याच टिपणात. कठड्यावर बसून तिनं मोबाइलमध्ये एक वाक्य टाइप केलं, खोडलं, पुन्हा केलं. शेवटी उरलं ते असं: दत्तक नाकारायचा अधिकार कंपनीकडे होता असं मानलं, तरी तो साताऱ्यात वापरायचा आणि करौलीत नाही, हे कायद्यानं नाही, नकाशानं ठरवलं.

घरी येऊन आजीला ऐकवलं. आजी म्हणाली, "नकाशानं कसं? दाखीव." पास.

मग पुढचे दोन दिवस नुसती उस्तवार. साधनांच्या भागात तिनं डलहौसीचं टिपण आणि रंगो बापूजींचा अर्ज घेतला होता, आणि दोन्हींपुढे एकच शेरा: लेखक पक्षपाती, म्हणून साधन अविश्वसनीय. हा शेरा मला बारावीच्या पोरांच्या वह्यांत इतका भेटतो की आता हसू येतं. डलहौसी संचालकांचं मन वळवायला लिहितोय, म्हणून तर तो लष्करी ठाण्यांची गोष्ट उघड बोलतो. राजाच्या वकिलापुढे तो हे बोलला असता का? ज्या कामापुरता तो कागद पक्षपाती आहे, त्याच कामाला तो सगळ्यात उपयोगी. रंगो बापूजींचं उलट. तिनं त्यांना या खटल्याचे साक्षीदार केलं होतं, पण ते १८३९ पासून भांडत होते ते मुळात प्रतापसिंहांच्या पदच्युतीविरुद्ध. आप्पासाहेबांच्या दत्तकाचा प्रश्न पुढचा आणि वेगळा. या दोन फिर्यादी साताऱ्यातले जाणते लोकसुद्धा एकात एक मिसळतात. मी स्वतः त्या नऊ पानांत मिसळल्या होत्या.

सगळ्यात मोठं भांडण गेंडामाळावरून झालं. ते सतरा जण, त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम. ती म्हणाली, हे काढायचं नाही. मी म्हटलं, काढायचं. १८४८ चा निर्णय का झाला हा प्रश्न आहे, १८५७ मध्ये काय झालं ते त्याचं कारण होऊ शकत नाही. तिचे डोळे भरले. "मामा, तू इतका कोरडा कसा रे?" बहीणही आतून ओरडली, दिवाळीत पोरीला रडवू नकोस. मी गप्प बसलो. रात्री उशिरा तिनं तो परिच्छेद स्वतःच उचलून वेगळ्या फाइलमध्ये टाकला आणि फाइलला नाव दिलं "गेंडामाळ, नंतर". मला बरं वाटलं, आणि थोडं वाईटही.

परीक्षेच्या पेपरची तिला वेगळीच धास्ती आहे. नव्वद मिनिटांत दोन निबंध, प्रत्येकी पंधरा गुण, तिथे आजी सुपात पावटा घेऊन बसणार नाही. मी एवढंच सांगितलं की पहिली पाच मिनिटं लिहू नकोस, समोरच्याचं सगळ्यात बळकट म्हणणं काय असेल ते कच्च्या कागदावर एका ओळीत मांड. तिला कितपत पटलं कोण जाणे. बाकी पोरं लिहायला लागली की नुसतं बसवत नाही, हे मलाही माहीत आहे.

रविवारी दोघींना स्टँडवर सोडलं. स्वारगेटच्या गाडीला ही गर्दी. आईनं सोललेला पावटा डब्यात भरून दिलेला, वर मोती चौकातले कंदी पेढे. काल रात्री व्हॉट्सॲपवर मेसेज आला:

"मामा, २,३४० झालेत. १४० कापायचेत. विलोबीला काढू का?"

मी लिहिलं, विलोबी राहू दे. रंगो बापूजींच्या आधीची विशेषणं मोज.

पाच मिनिटांनी उत्तर: "अकरा आहेत." आणि मागोमाग, "आजीला सांगू नकोस."